धर्म पोथीवरून जोखायचा की पाळणाऱ्यांवरून? (१९३६ चा वाद आणि त्यापुढचं)

गोदातीर

दर दोन महिन्यांनी इथे तोच खेळ होतो. एकजण अनुयायांचे उद्योग मोजतो, दुसरा "तो खरा धर्मच नव्हे" म्हणून हात झटकतो, आणि दोघं दमले की धागा थंड पडतो. हा प्रश्न आपल्याकडे फार वरच्या दर्जाने मांडून झालाय. तिथून सुरुवात करू.

लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने १९३६ च्या अधिवेशनासाठी डॉ. आंबेडकरांना अध्यक्ष नेमलं. भाषण आधी वाचल्यावर शास्त्रप्रामाण्यावरचा भाग मंडळाला झेपेना. आंबेडकरांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला आणि अधिवेशनच रद्द झालं. मग त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापलं. १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधींनी 'हरिजन'च्या ११ आणि १८ जुलैच्या अंकांत उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जात ही रूढी आहे, तिचा धर्माशी संबंध नाही. धर्म पंडितांच्या जोरावर जगत नाही, संतांच्या अनुभवावर जगतो. आणि धर्माची पारख त्याच्या सर्वांत वाईट नमुन्यांवरून करायची नसते, त्याने घडवलेल्या सर्वोत्तम माणसांवरून करायची. पुढे चैतन्य, ज्ञानदेव, तुकाराम, तिरुवल्लुवर अशी यादी. शिवाय इशारा, की आंबेडकरांची पट्टी लावली तर जगातला एकही जिवंत धर्म बहुधा पास होणार नाही.

आंबेडकरांचं उत्तर १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आहे. ते म्हणतात, सर्वोत्तमावरून पारखा, मला मान्य. पण मग वाईट इतके जास्त आणि चांगले इतके थोडे का? उत्तरं दोनच. एक तर ही बहुसंख्य माणसं जन्मतःच सुधारण्यापलीकडची आहेत, किंवा आदर्शच चुकीचा आहे आणि जे चांगले निघाले ते त्या चुकीच्या आदर्शाला न जुमानता निघाले. पहिलं ते नाकारतात.

ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी पद्धत सांगा. शेजारच्या काकूंचे अनुभव नकोत, ते दुसऱ्या धाग्यावर भरपूर आहेत.

कसोटीदगड

प्रश्नात दोनच रकाने आहेत, तिथेच घोटाळा होतो. निदान चार हवेत.

१. वचन. मूळ ग्रंथ, संतवाणी, प्रवचन.
२. नियम. कुणाच्या हातचं खायचं, कुणाशी सोयरीक, सुतक किती दिवस.
३. दंड. नियम मोडणाऱ्याचं काय होतं, आणि ते कोण ठरवतं.
४. वागणूक.

लोक १ ची तुलना थेट ४ शी करतात आणि मधले दोन गाळतात. खरा माल मधल्या दोनांत आहे. उदाहरण घ्या. गीतेच्या पाचव्या अध्यायातला अठरावा श्लोक सांगतो की ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक (चांडाळ) यांच्याकडे पंडित समदृष्टीने बघतो. हे वचन. पण गावात स्पर्शाचा, सुतकाचा प्रश्न पडला की भटजी गीता उघडत नव्हते. ते निर्णयसिंधु उघडत (कमलाकर भट्ट, काशी, १६१२), किंवा धर्मसिंधु. हा दुसरा ग्रंथ १७९० च्या सुमारास काशीनाथ उपाध्यायांनी लिहिला, तोही खुद्द पंढरपुरात. समदृष्टीचं वचन आणि स्पर्शास्पर्शाचा नियम एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेले असायचे, आणि कोणालाही त्यात विसंगती वाटत नसे.

आंबेडकरांनी त्याच भाषणात तत्त्व आणि नियम असा भेद केलाय तो यासाठीच. तत्त्वाने विचार करता येतो, जबाबदारी येते. नियम नुसता पाळायचा. त्यांचा आरोप असा होता की ज्याला आपण धर्म म्हणतो तो बहुतेक नियमांचा गठ्ठा आहे.

तिसऱ्या रकान्यासाठी पुण्याचं पंचहौद प्रकरण बघा. १८९० मध्ये मिशनऱ्यांकडे चहा झाला, नावं छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांसारख्या न्यायाधीशालाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. ग्रामण्याचं यंत्र अगदी साधं असतं: बहिष्कृताच्या घरी श्राद्धाला ब्राह्मण मिळत नाही, मुलीला स्थळ येत नाही, पंगतीत पान मांडलं जात नाही. अमानुष वागणाऱ्यावर असं ग्रामण्य बसल्याची उदाहरणं शोधा, दमाल. चहा पिणाऱ्यावर लगेच बसलं.

वाळवंट

कसोटीदगड, मांडणी आवडली. पण पंढरपूर म्हटलं की देऊळ आणि वारकरी संप्रदाय एक धरले जातात, ते धरू नका.

देवळाची व्यवस्था बडव्यांकडे होती, रुक्मिणीची उत्पातांकडे. शिवाय सात सेवाधारी: पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, डांगे, दिवटे. हे वंशपरंपरागत हक्क, आणि हक्क म्हणजे मुख्यतः उत्पन्न. देवापुढे येणाऱ्या ओवाळणीच्या हक्काचा बडव्यांत लिलाव व्हायचा. ज्याने बोली जिंकली त्याला ती रक्कम भरून काढायची असते, म्हणून भाविकाशी दांडगाई. नाडकर्णी आयोग, मग हे हक्क रद्द करणारा १९७३ चा पंढरपूर मंदिरे कायदा, मग वर्षानुवर्षं कोर्टबाजी. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बडव्यांचा दावा संपला.

वारकरी होण्यात या कुणाचाच संबंध येत नाही. तुळशीची १०८ मण्यांची माळ, ज्ञानेश्वरीवर ठेवून घ्यायची. नियम: वारी, एकादशी, रोज हरिपाठ, मद्यमांस वर्ज्य, परस्त्री मातेसमान. यात जातीचा एकही नियम नाही. 'विष्णुमय जग वैष्णवांचा धर्म, भेदाभेद भ्रम अमंगळ' हे वचन, आणि वाळवंटात एकमेकांच्या पायांवर लोटांगण घालणं ही त्याची रीत. 'वर्णअभिमान विसरली याति' असं तुकोबांनीच त्याचं वर्णन करून ठेवलंय. तुमच्या चारही रकान्यांत हा संप्रदाय उत्तीर्ण आहे. बडव्यांचं पाप वारकऱ्यांच्या माथी का?

गोदातीर

वाळवंट, देऊळ वेगळं काढलंत ते योग्य. चोखोबाच साक्षीला आहेत: 'धांव घाली विठू आतां, चालूं नको मंद, मज मारिती बडवे, कांहीं तरी अपराध.' तरी दोन अडचणी उरतात.

पहिली, १९४७. तोपर्यंत महारांना महाद्वारापाशी, चोखोबांच्या समाधीपर्यंतच जाता येई. अभंग गाणाऱ्या लाखो माणसांच्या डोळ्यांदेखत ही रेघ कित्येक शतकं टिकली. देऊळ उघडलं ते साने गुरुजींच्या १ ते १० मे या उपोषणानंतर. आता दोन्ही बाजू लिहायच्या तर उपोषण झालं ते तनपुरे महाराजांच्या मठात, म्हणजे संप्रदायातल्याच एका जागेत. संप्रदायात अशी माणसं होती. पण त्या रेघेसाठी वारी अडून बसली, 'चोखोबा आत नाही तर आम्हीही आत जाणार नाही' असं दिंड्यांनी म्हटलं, असं काही झालं नाही.

दुसरी अडचण पंगतीची. इरावती कर्व्यांनी वारीबरोबर चालून लिहिलंय की एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे शिजवून वेगवेगळे जेवत होते. लोटांगण एकत्र, चूल वेगळी. माळ घेताना जातीचा नियम नाही हे खरं, पण चुलीचा नियम कोणी रद्द केला नाही, म्हणून तो आपोआप चालू राहिला.

आंबेडकरांची संतांवरची तक्रार नेमकी हीच होती. माणसं देवापुढे सारखी, हे संतांनी सांगितलं. माणसं माणसांपुढे सारखी, हा वेगळा मुद्दा आहे. आणि लोकांनी त्यातून धडा असा घेतला की संताने जात मोडली तर चालते, आपण मोडायची नसते. त्यामुळे संत वंदनीय राहिला, अनुकरणीय झाला नाही.

वाळवंट

चूल वेगळी होती, मान्य. चोख्याची समाधी महाद्वारात बांधणारेही वारकरीच होते, एवढं नोंदवून थांबतो.

कलम_पंचवीस

कायद्याच्या बाजूने बघितलं तर हा प्रश्न न्यायालयांना रोज सोडवावा लागतो, आणि त्यांनी तो कसा सोडवलाय ते बघण्यासारखं आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या शिरूर मठ निकालाने सांगितलं की धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता हे त्या धर्माच्याच शिकवणीवरून ठरवायचं. म्हणजे न्यायाधीशाने पोथी उघडायची. १९६१ च्या अजमेर दर्गा निकालात न्या. गजेंद्रगडकरांनी पुढची पायरी गाठली: अंधश्रद्धेतून चिकटलेल्या गोष्टी अत्यावश्यक धरायच्या नाहीत.

मग १९६६ चा स्वामिनारायण निकाल, तोही गजेंद्रगडकरांचाच. अहमदाबादच्या सत्संगींनी (स्वामिनारायणांच्या अनुयायांनी) १९४८ मध्ये दावा लावला होता की आम्ही हिंदूच नाही, सबब मंदिरप्रवेशाचा कायदा आम्हाला लागू नाही. न्यायालयाने त्यांना हिंदू ठरवलंच, वर म्हटलं की ही भीती अंधश्रद्धा आणि अज्ञान यांतून आली आहे, आणि खुद्द स्वामिनारायणांच्या शिकवणीचाच तुम्हाला अर्थ कळलेला नाही. अनुयायांना त्यांच्या गुरूचा धर्म न्यायाधीशाने समजावून सांगितला! निकाल न्याय्य होता. पद्धत मात्र गांधींची होती: शिकवण चांगली, माणसं चुकली.

आडवाट

आणि गंमत म्हणजे माणसं फारशी चुकलेलीही नव्हती. स्वामिनारायणांची शिक्षापत्री १८२६ ची, २१२ श्लोकांची. ज्यांच्या हातचं अन्नपाणी जातीच्या नियमाने चालत नाही, त्यांच्याकडून ते घेऊ नये, मग तो कृष्णाचा प्रसाद का असेना, असा नियम तीत सुरुवातीलाच आहे. अपवाद फक्त जगन्नाथपुरीचा. दावा लावणारे पोथी वाचूनच आले होते. "शिकवण शुद्धच असते" हे आधीच गृहीत धरलं की पोथीतलं असं काही दिसतच नाही.

कसोटीदगड यांच्या रकान्यांत एक भर: एकाच पोथीत वचन आणि नियम दोन्ही असतात. दोन वेगळ्या रंगांच्या पेन्सिली घेऊन वाचायचं. क्रियापद बघा. 'आहे' असेल तर वचन, 'करू नये' असेल तर नियम.

सातपुडा

पेन्सिलीची युक्ती झकास :)
पण धागा हिंदूंवरच घसरलाय. पट्टी सगळ्यांना सारखी हवी ना?

कलम_पंचवीस

हवीच. दंडाच्या रकान्यात भारतातला सर्वांत नमुनेदार खटला दाऊदी बोहरांचा आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला. बोहरांचे धर्मप्रमुख सय्यदना यांनी आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मतांनी तो कायदाच रद्द केला. म्हणणं असं की जात-जमातीतून काढण्याचा अधिकार हा धर्मप्रमुखाच्या धार्मिक अधिकाराचा भाग आहे. बहिष्कृताला मशीद बंद, जमातीचं कब्रस्तान बंद. विरोधी मत सरन्यायाधीश सिन्हांचं होतं, त्यांना त्यात अस्पृश्यतेची छाया दिसली. २०२३ मध्ये हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे गेलाय.

महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारबंदीचा कायदा २०१६ चा, जुलै २०१७ पासून लागू. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात जातपंचायतीने वाळीत टाकणं, लग्न वा अंत्यविधी अडवणं, संबंध तोडायला लावणं वगैरे कृत्यांची यादीच आहे. कोणत्याही समाजाची पाहणी करायची असेल तर ती यादी प्रश्नावली म्हणून वापरता येते, इतकी नेमकी आहे.

निहारिका_र

तोंडी तलाकचं उदाहरण इथे फार उपयोगी आहे, कारण त्यात दोन्ही मार्ग एकाच निकालात आहेत.

कुराणातली पद्धत: आधी दोन्ही घरांतला एकेक मध्यस्थ (४:३५), तलाक पाळीनंतरच्या शुद्ध काळात उच्चारायचा, मग इद्दत, म्हणजे साधारण तीन पाळ्यांचा काळ, तेवढ्यात परत येण्याची मुभा. एका दमात तीनदा उच्चारणं हा तलाक-ए-बिद्दत. 'बिद्दत' म्हणजेच नवी काढलेली, नापसंत रीत. सुन्नींच्या हनफी पंथात तिला पाप म्हणत, तरी ती लागू धरत. म्हणजे वचन एक, नियम दुसरा, आणि नियमाला स्वतःच ठाऊक की तो वचनाच्या विरुद्ध आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा २२ ऑगस्ट २०१७ चा निकाल ३ विरुद्ध २ होता. तिघांपैकी न्या. नरीमन आणि न्या. लळित यांनी ही प्रथा मनमानी म्हणून घटनेच्या कलम १४ वर (समानतेचा हक्क) पाडली. न्या. कुरियन जोसेफ यांनी मात्र ती कुराणालाच धरून नाही म्हणून पाडली. एकट्या पोथीच्या मार्गाला एक मत, एकट्या घटनेच्या मार्गाला दोन. मिळून बहुमत झालं.

मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंना हे त्या निकालाच्या पन्नास वर्षं आधी दिसलं होतं. १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी सात महिलांचा मोर्चा विधानभवनावर नेला, १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. कुराणाचा नवा अर्थ लावत बसण्यापेक्षा नागरिक म्हणून हक्क मागावेत, हा त्यांचा आग्रह. बोहरा सुधारक असगर अली इंजिनीअर यांचा मार्ग उलटा: कुराणातूनच बाईचे हक्क दाखवायचे. दलवाईंची अडचण अशी की समाजाने त्यांना बाहेरचा ठरवलं. इंजिनीअर यांची अशी की पोथीचा हवाला दिला की समोरचाही पोथीतलाच दुसरा हवाला देतो. आणि बोहरा बहिष्कार त्यांच्याही वाट्याला आलाच.

आडवाट

शेवटचं वाक्य कसोटीदगड यांच्या तिसऱ्या रकान्यात जसंच्या तसं बसतं.

माडाची_झावळ

ख्रिस्ती धर्माच्या बाबतीत तर सरकारनेच ही गफलत कायद्यात लिहून ठेवली आहे.

१९५० च्या अनुसूचित जाती आदेशात, मोजक्या शीख जातींचा अपवाद वगळता, हिंदू सोडून कुणी अनुसूचित जातीत धरला जात नव्हता. सगळे शीख १९५६ मध्ये आले, बौद्ध १९९० मध्ये. ख्रिस्ती आणि मुस्लिम आजही बाहेर. कारण काय देतात? या धर्मांच्या शिकवणीत जात नाही. म्हणजे हिंदूंसाठी वागणूक बघायची आणि ख्रिस्त्यांसाठी पोथी! १९८५ मध्ये धर्मांतरित चर्मकाराच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालय म्हणालं की धर्मांतरानंतरही तितकंच दडपण आहे हे पुराव्याने दाखवा. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची अट काढा म्हटलं. २०२२ मध्ये पुन्हा नवा आयोग, न्या. बालकृष्णन यांचा.

पुरावा शोधायला फार लांब जायला नको. गोव्यात बामण, चारडो, सुदिर ही नावं चर्चच्या आत टिकली. कोंफ्रारिया, म्हणजे फेस्ताचा (चर्चच्या सणाचा) मान आणि खर्च सांभाळणारी मंडळं, बऱ्याच गावांत जातीवार होती. मिरवणुकीत अंगावर घ्यायच्या आखूड झग्याच्या रंगावरून कोण कुठला ते कळे. 'ज्यू नाही, ग्रीक नाही, दास नाही, स्वतंत्र नाही' हे पौलाचं वचन त्याच चर्चमध्ये वाचलं जाई. पाद्र्याने रागावून काही फरक पडत नसे, कारण फेस्ताचा पैसा मंडळाचा.

सातपुडा

म्हणजे गांधींचं म्हणणं खरं ठरतंय. या पट्टीने सगळेच नापास.

कसोटीदगड

सगळे नापास झाले तरी गुण सारखे पडत नाहीत. कोणत्या विषयात किती पडले ते बघायचं. ज्याच्या नियमात विषमता लिहिलेली आहे त्याला ती काढायला पोथीशी भांडावं लागतं. ज्याच्या पोथीत नाही पण मंडळात आहे, त्याला मंडळाशी भांडावं लागतं आणि पोथी आपल्या बाजूने असते. ही दोन कामं वेगळी आहेत, अवजारंही वेगळी. डॉक्टर ताप सगळ्यांचाच मोजतो, औषध एकच देत नाही.

वाळवंट

मग आंबेडकरांच्या नवयान बौद्ध धर्माला लावा की पट्टी. तो धर्म तर ही पट्टी तयार करणाऱ्यानेच दिलाय.

गोदातीर

रास्त. १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञा बघितल्या तर आंबेडकरांनी वचन आणि नियम यांतली फट बुजवायचा प्रयत्न केलेला दिसतो. पहिल्या आठ बहुतेक जुन्याचा त्याग: ब्रह्मा-विष्णू-महेशांना देव मानणार नाही, श्राद्ध-पिंडदान करणार नाही, ब्राह्मणाकडून क्रियाकर्म करवून घेणार नाही. नवव्या-दहाव्यात समता मानणं आणि ती स्थापन करण्याचा प्रयत्न. पुढे पंचशील, दारू नाही. सगळ्या प्रथमपुरुषी. 'सर्व समान आहेत' एवढ्यावर न थांबता 'मी प्रयत्न करीन' असं ज्याचं त्याला म्हणायला लावलंय.

उणं कुठे? लग्नाबद्दल एकही प्रतिज्ञा नाही. आणि लाहोरच्या भाषणात तर त्यांनीच आंतरजातीय विवाह हा खरा उपाय म्हटलं होतं. पोटजात मोडणारी तेविसावी प्रतिज्ञा नसल्यामुळे ते काम ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहिलं. दंडाचा रकाना मुद्दामच कोरा आहे, त्याचा फायदा असा की कुणी कुणाला वाळीत टाकू शकत नाही.

आडवाट

लग्नावरून आठवलं. चारही रकाने एका कागदावर बघायचे असतील तर कोणत्याही समाजाच्या वधूवर मेळाव्याचा फॉर्म घ्या. पोटजातीचा रकाना आहे का, तो भरणं सक्तीचं आहे का, 'आंतरजातीय चालेल' अशी चौकट आहे का, आणि असली तर ती फक्त घटस्फोटितांच्या पानावर आहे का. हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती, मुस्लिम, जैन, लिंगायत, सगळ्यांचे फॉर्म निघतात.

निहारिका_र

मुस्लिमांत 'बिरादरी' असा शब्द असेल, 'जात' शोधू नका. कोकणी, दखनी, मेमन, अन्सारी असं लिहितात.

माडाची_झावळ

ख्रिस्त्यांत जात थेट विचारत नाहीत, मूळ गाव आणि पॅरिश विचारतात. गोव्यात तेवढ्याने कळतं.

गोदातीर

चालेल. वीसेक फॉर्म जमले की वेगळा धागा काढतो. नावं आणि फोन नंबर खोडून टाका, नुसते रकाने हवेत.